हिरव्या तुळशींचं वर्ष

त्या वर्षी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र संकुलाला एवढी मानचिन्हं मिळाली, की संचालकांच्या खोलीतलं काचेचं कपाट भरलं आणि उरलेली सभागृहाच्या खिडक्यांत मांडावी लागली. संचालक डॉ. यशोधन करंदे यांनी वर्षभराच्या कामगिरीची चित्रफीत करून घेतली होती. आधी सनई, मग उगवता सूर्य, मग संकुलाची इमारत आणि मग एकामागून एक यश. देशात तिसरा क्रमांक. दोन पेटंट. परदेशी विद्यापीठाशी करार. आणि शेवटी, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत : ‘वावरदरे – जांभळ्याकडून हिरव्याकडे’.

पडद्यावर गावाचं आकाशातून घेतलेलं चित्र आलं. मागच्या वर्षी प्रत्येक अंगणात एक जांभळा ठिपका होता. या वर्षी प्रत्येक अंगणात हिरवा. टाळ्या सुरू झाल्या.

"हे खोटं आहे," मागच्या रांगेतून डॉ. फिरोज मुजावर म्हणाले.

टाळ्या विस्कटल्या. करंदे हसले. "मुजावर सर, अजून चहासुद्धा आला नाही. जरा दम धरा."

"परवा मी वावरदऱ्याच्या कबरस्तानात गेलो होतो. चुलत्यांच्या कबरीवर आपल्याच प्रकल्पातला सब्जा लावलाय, तो काळाजांभळा पडलाय. त्याला गावच्या टाकीचं पाणी घालतात. त्याच टाकीचं पाणी घरोघरी जातं. मग घरातल्या तुळशी हिरव्या कशा?"

"मातीत काही असेल. कबरस्तान आहे सर, तिथं काय काय पुरलेलं असतं!"

दोघं-तिघं हसले.

"माझे चुलते पुरलेत," मुजावर म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

पहिल्या रांगेत डॉ. मोहिनी शेळमकर बसली होती. ते रंग बदलणारं झाड तिचं होतं. दहा-अकरा वर्षं खपून तिनं ते घडवलं होतं. तिलाही राग आला, पण तो मुजावरांचा. सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?

हे झाड बोलतं कसं, ते आधी नीट समजून घेऊ. जांभूळ खाल्लं की जीभ रंगते. कोकमाच्या सारात भात कालवला की भात गुलाबी होतो. तो रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो. तुळशीच्या अंगातही तो असतो. काळसर पानांची कृष्णतुळस आणि हिरव्या पानांची रामतुळस आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गंमत अशी, की हिरव्या तुळशीलाही हा रंग करता येतो. तिच्या पेशीत त्याची कृती असते, पण ती सहसा वापरली जात नाही. पेशीतल्या प्रत्येक कृतीला एक खटका असतो. खटका दाबला गेला, की ती वस्तू तयार होऊ लागते.

आता दुसरी गोष्ट. काही जिवाणू क्रोमियम नावाच्या धातूनं नासलेल्या मातीतही तग धरतात. नळाच्या तोट्या, मोटारसायकलींची हँडलं चकचकीत करायला ज्याचा मुलामा देतात, तोच हा धातू. मुलाम्याच्या सांडपाण्यातलं क्रोमियम विषारी असतं. थोडं असेल तर पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चवही बदलत नाही. माणूस वर्षानुवर्षं ते पितो आणि मग पोट, कातडी, मूत्रपिंडं एकेक करून कुरकुरायला लागतात. या जिवाणूंच्या अंगात असा एक खटका असतो, की क्रोमियम आलं की तो आपोआप दाबला जातो. मोहिनीनं तो खटका उचलला आणि हिरव्या तुळशीच्या रंगाच्या कृतीपुढे बसवला. स्वच्छ पाणी मिळालं तर पानं हिरवी राहतात. क्रोमियमचं पाणी मिळालं तर आठ-दहा दिवसांत नवी पालवी जांभळी येते. झालेलं पान परत फिरत नाही, पण पाणी सुधारलं तर पुढची पानं हिरवी येतात. या झाडाला बी धरत नाही, म्हणून ते रानात पसरत नाही. तिनं त्याचं नाव ठेवलं साक्षतुळस.

खरी हुशारी खटक्यात नव्हती, तुळशीत होती. कारखाने वेळ साधून सांडपाणी सोडतात. तपासणीची बाटली सहा महिन्यांतून एकदा भरली जाते, तीही आधी फोन करून. तुळशीला मात्र घरात भरलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी रोज मिळतं. कुणी सांगावं लागत नाही, कुणी विसरत नाही. मुसलमान घरांसाठी तिनं तोच खटका सब्जात बसवला, कारण सब्जा म्हणजे तुळशीचीच चुलत बहीण. ज्या घरी दोन्ही नव्हतं तिथं सदाफुली दिली.

सरकारला कल्पना इतकी आवडली, की पाणी तपासायच्या तालुक्याच्या प्रयोगशाळा बंदच करून टाकल्या. नियम बदलला. आता पुरावा म्हणजे पान. महिन्यातून एकदा ड्रोन गावावरून फिरायचं आणि अंगणातले रंग मोजायचं. वावरदरे पहिल्याच फेरीत जांभळं निघालं. गावाच्या वरच्या अंगाला मुलाम्याच्या कारखान्यांची वसाहत होती, तिचा विस्तार थांबला आणि गावासाठी धरणावरून थेट जलवाहिनी मंजूर झाली. मात्र पुढच्या वर्षअखेरीच्या पाहणीत दहातली नऊ घरं हिरवी निघाली, तर पाणी सुधारलं असं समजून जलवाहिनी रद्द होणार होती आणि वसाहतीला मोकळीक मिळणार होती.

झाड पाण्याबद्दल बोलत होतं. लोकांनी ऐकलं ते घराबद्दल. जांभळ्या घरांचं दूध डेअरीनं नाकारलं. लग्न जुळवणारी माणसं पत्रिकेच्या आधी तुळशीचा फोटो मागू लागली. नकाशावर प्रत्येक घर नावानिशी दिसत होतं, त्यामुळे लपवायला जागाच नव्हती.

मोहिनीची थोरली बहीण उज्ज्वला वावरदऱ्यातच दिली होती. पहिलं रोप मोहिनीनं तिच्याच अंगणात लावलं होतं. मुजावरांचं बोलणं एकदाचं खोडून काढावं म्हणून रविवारी सकाळी न कळवता ती गावात गेली.

ताई अंगणातच होती. प्लास्टिकचा मोठा निळा जार तिरका करून तिनं तांब्या भरला, हात जोडले आणि पाणी तुळशीला घातलं.

"अगं मोहे! फोन नाही, काही नाही. आधी सांगायचं तरी."

"ताई, हे पाणी कुठलं?"

"जारचं. गाडी येते की रोज."

"तुळशीला जारचं पाणी?"

"मग काय नळाचं घालू? जांभळी होते की ती."

ताई हे अगदी सरळपणे म्हणाली.

"आणि तुम्ही काय पिता?"

"आम्ही काय पिणार? नळाचंच. चार माणसांना जार पुरतोय होय?"

"वेड लागलंय का तुला?" मोहिनी किंचाळलीच. "उलटं केलंस तू! झाडाला विष पाजायचं होतं, स्वतःला नाही!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील." ताईनं तिचा दंड धरून तिला घरात ओढलं.

आत खाटेवर दाजी बसले होते. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगवटे. हातात गोळी आणि स्टीलचा पेला. "या मेहुणीबाई. आज विद्यापीठाला सुट्टी?"

"दाजी, तो पेला खाली ठेवा."

"गोळी घ्यायचीय. डॉक्टर म्हणतात किडनीचं क्रिएटिनिन वाढलंय. ही म्हणते तंबाखूनं. मी म्हणतो हिच्या बोलण्यानं."

"पाण्यानं वाढलंय, दाजी."

स्वयंपाकघराच्या दारात ओवी येऊन उभी राहिली. ताईची मुलगी, शाळेत संगणक शिकवायची. तिच्या बोटांची कातडी भांडी घासणीनं खरवडावी तशी सोलली होती.

"काय गं ताई, तुला मी किती वेळा समजावलं होतं, की—"

"मागच्या वर्षी तुळस जांभळी झाली तेव्हा कुठं होतीस तू?" ताईचा आवाज चिरकला. "पेढे वाटत होतीस. प्रयोग जमला म्हणून! इकडं डेअरीनं आमचं दूध बंद केलं. ओवीला बघायला निघालेली माणसं वेशीवरनं माघारी गेली. म्हणे या गावच्या पोरींची पोटं नासलीत. कारखाना काय काल आलाय? वीस वर्षं झाली त्याला. तेव्हा कोण काही बोललं नव्हतं. तुझं झाड आलं आणि आमची अब्रू गेली."

"अब्रू? ताई, दाजींची किडनी चाललीय!"

"ती दिसत नाही गं कुणाला. तुळस दिसते."

दाजींनी गोळी तोंडात टाकली आणि पेला ओठाला लावला. मोहिनीनं तो हिसकावून मोरीत ओतला. मग तिच्या लक्षात आलं, की घरात दुसरं पाणी म्हणजे अंगणातला तो निळा जार. तिनं तो उचलून आत आणला आणि पेला भरला. ताई बघत राहिली. निघताना मोहिनीनं नळाची बाटली भरून घेतली.

"चिंचोलीचे पाहुणे पसंत आहे म्हणालेत," ताई दारात म्हणाली. "महिन्याभरात साखरपुडा. तोवर तोंड बंद ठेव. एवढं कर माझ्यासाठी."

संकुलातलं पाणी तपासायचं जुनं यंत्र अडगळीत पडलं होतं. मुजावरांनी ते पुसलं, जोडलं. मोहिनीनं त्यांना आधीच सांगून टाकलं, "तुमचं बरोबर होतं. उगाच मी तुमच्यावर चिडले होते." मुजावर म्हणाले, "आता ज्याच्यावर चिडायचंय त्याच्यावर चिडा." बाटलीत क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. मागच्या वर्षीपेक्षाही जास्त. कारखान्यांनी काहीही सुधारलं नव्हतं.

ती तशीच संचालकांच्या खोलीत गेली. करंदे सत्कारसमारंभाचा फेटा बांधून बघत होते.

"सर, गावातले लोक तुळशीला जारचं पाणी घालतात आणि नळाचं स्वतः पितात."

"माहीत आहे मला."

मोहिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"जारच्या गाड्या अंगणाअंगणात थांबतात, हे ड्रोनमध्ये दिसतंच की," करंदे फेटा उतरवत म्हणाले. "बसा ना."

"तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही ती चित्रफीत दाखवलीत?"

"मॅडम, आपलं झाड खोटं बोललं का? नाही. त्याला जे पाजलं ते स्वच्छ होतं, म्हणून ते हिरवं झालं. शास्त्रात आपण कुठंही चुकलेलो नाही."

"माणसांना काय पाजलं?"

"माणसं आपल्या प्रकल्पाच्या कक्षेत नाहीत."

तिनं यंत्राचा निकाल त्यांच्यासमोर आपटला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "एका बाटलीचं काय घेऊन बसलात? ती कुठं भरली, कुणी भरली? नियमात बाटली नाही, पान आहे. आणि तो नियम तुमच्याच झाडावरून झालाय. तुम्हीच तेव्हा समितीपुढे म्हणालात, बाटलीवर विश्वास ठेवू नका, बाटली फसवते."

हे खरं होतं.

"वावरदऱ्यात समारंभ आहे, तिथं तुम्हाला मानपत्र आहे," करंदे मऊ आवाजात म्हणाले. "महिनाअखेरीला वर्षाची शेवटची पाहणी झाली की वनस्पती विभाग तुमच्याकडे. बहिणीच्या घरी शुभकार्य आहे म्हणे. कशाला सगळ्यांचा विचका करता?"

"मी मानपत्र घ्यायला येईन," मोहिनी म्हणाली, "पण गप्प बसेन असं समजू नका." आणि बाहेर पडल्यावर तिला कळलं, की ओरडून काहीही होणार नाही. नियम पानाचा होता. पानं हिरवी होती. ती बदलणं फक्त एकाच जागी शक्य होतं.

समारंभाची तयारी म्हणून वावरदऱ्याच्या बायका समाजमंदिरात जमल्या होत्या. कुणी ओवाळायचं, कुणी कुठली साडी नेसायची, यावर वाद चालला होता. मोहिनी मध्ये जाऊन उभी राहिली. ताईनं मान फिरवली.

"एकच विचारते. तुळशीला नळाचं पाणी कोण कोण घालतं?"

सगळ्यांचे हात वर गेले. ताईचासुद्धा.

"उज्ज्वला सोडून," सुलभाकाकू म्हणाल्या. त्या ताईच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. "त्या दिवशी ऐकलं आम्ही. भिंत काय लोखंडाची न्हाई."

ताई उसळली. "आणि तुझ्या परसात जारची रिकामी डबडी कशाला गं? लोणचं घालतेस का त्यात?"

"ते पाहुण्यांसाठी असतंय!"

"रोज पाहुणे? तुझ्याकडं?"

कुणीतरी फिस्कन हसलं. मग एक तरुण सून खाली बघत म्हणाली, "आमच्यात पण जारचंच घालतात." दुसरी म्हणाली, "आमचा नळच खराब आहे, म्हणून. बाकी सगळ्यांच्या हिरव्या दिसतात, तर आमचंच काहीतरी बिघडलं असेल वाटलं." तिसरी म्हणाली, "अगं, मला पण तेच वाटलं. आमचाच पाइप गंजलाय." मग सगळ्याच बोलायला लागल्या. प्रत्येकीला शेजारणीची हिरवी तुळस बघून वाटलं होतं, की गावाचं पाणी सुधारलंय, फक्त आपलं घर मागं राहिलंय. आणि ते कुणाला कळू नये म्हणून प्रत्येकीनं गुपचूप जार आणला होता. हसू पिकलं. एकमेकींच्या पाठीत गुद्दे बसले.

"म्हणजे," ती तरुण सून म्हणाली, "एकीच्याबी घरचं पाणी चांगलं न्हाई?"

हसू थांबलं.

मोहिनीनं वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं. पोटात काय होतं, मूत्रपिंडात काय होतं, महिनाअखेरीला दहातली नऊ घरं हिरवी निघाली तर धरणाचं पाणी कसं कायमचं जाईल. "उद्यापासून सगळ्यांनी तुळशीला नळाचं पाणी घाला. सगळ्यांनी. एकटं घर जांभळं झालं तर लोक त्याच्याकडे बोट दाखवतील. सगळं गाव झालं तर बोट कारखान्याकडे जाईल."

"बोलायला काय जातंय," एक जण म्हणाली. "तू शहरात राहतेस."

"डेअरीनं आत्ता कुठं दूध घ्यायला सुरुवात केलीय."

"लगीनसराई होऊन जाऊ दे, मग बघू."

"आणि हिनं घातलं, मी घातलं, पण तिनं न्हाई घातलं तर? मग माझंच नाव नकाशावर?"

सुलभाकाकू पदर खोचत म्हणाल्या, "माझ्या सुनेचं पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे. दारात जांभळी तुळस ठेवू?"

"काकू, तुमची सून कुठलं पाणी पिते?"

सुलभाकाकूंचा चेहरा लाल झाला. "माझ्या सुनेचं नाव काढायचं काम न्हाई तुला! आलीस मोठी शिकवायला!" आणि त्या तरातरा निघून गेल्या. मागोमाग बाकीच्याही गेल्या. ताई शेवटी राहिली.

"झालं समाधान? आता गावभर माझं नाव केलंस."

"ताई, तू तरी—"

"माझ्याशी बोलू नकोस," ताई म्हणाली, आणि गेली.

दोन दिवसांनी ओवीचा फोन आला.

"मावशी, मी तुळशीला नळाचं पाणी घालतेय. जारचं मी आणि बाबा पितो. आई घालते त्याच्या आधी मी जार बदलून नळाच्या पाण्याचा ठेवते."

"ओवी, थांब. चिंचोलीच्या लोकांना कळलं तर—"

"कळू दे."

"तुझं लग्न आहे बाळा. हे भांडण माझं आहे. झाड मी केलं, नियम माझ्यामुळे झाला. तुला त्यात ओढून—"

"मावशी, माझी बोटं बघितलीस ना? खडू धरला की रक्त येतं. पाणी मी पिते, भांडी मी घासते, आणि घरातलं चांगलं पाणी झाडाला! मी झाडापेक्षा स्वस्त आहे का?"

ताईला फोन करावा, सांगावं, असं मोहिनीला वाटलं. तिनं फोनवर ताईचं नाव काढलं, बघत राहिली, आणि फोन ठेवून दिला. एका घरानं काही होणार नव्हतं. दहातलं एक घर जांभळं असलं तरी नियमाला चालत होतं. करंदे त्याला अपवाद म्हणून सोडून देणार, आणि ओवीचं लग्न मात्र मोडणार. त्या पोरीचा राग बरोबर होता आणि तो फुकट जाणार होता, याचाच मोहिनीला जास्त संताप आला.

समारंभाला शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. स्टेजच्या मागं मोठा पडदा. ड्रोन गावावर घिरट्या घालत होतं आणि त्याला दिसणारं सगळं पडद्यावर थेट उमटत होतं. पुढच्या रांगेत चिंचोलीचे पाहुणे बसले होते. गाव हिरवं जाहीर होताना त्यांनी बघावं म्हणून ताईनंच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ताईचे डोळे सुजलेले होते. आठवडाभर तुळशीची जांभळी पालवी ती रोज खुडत होती आणि रोज नवी जांभळी येत होती. काल तिनं ओवीला जार बदलताना पकडलं होतं. मायलेकी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या.

करंदे बोलायला उभे राहिले. फेटा छान बसला होता. "आमच्या संकुलाच्या या वर्षातल्या सर्वोच्च यशाचे आपण सारे साक्षीदार आहात," ते म्हणाले आणि पडद्याकडे हात केला. हिरवे ठिपके चमकू लागले. टाळ्या झाल्या. आणि मग एका अंगणात जांभळा ठिपका लागला. पानं खुडली तरी देठ जांभळाच राहिला होता. कॅमेऱ्याला तेवढं पुरलं. ठिपक्याखाली आपोआप नाव आलं, ओवीच्या वडिलांचं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. चिंचोलीच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"असे एक-दोन अपवाद असतात," करंदे हसून म्हणाले. "गाव पुढं जातं, पण काही घरं निष्काळजी राहतात. तिथं प्रबोधन कमी पडलं असेल. त्या कुटुंबाला आपण समजावू—"

मोहिनी माइककडे निघाली होती. पण तिच्या आधी ताई उठली.

"निष्काळजी कुणाला म्हणता?" ताई म्हणाली. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "ते घर माझं आहे."

"ताई, आपण नंतर—" करंदे म्हणू लागले.

"नंतर नाही. वर्षभर मी त्या तुळशीला लेकीपेक्षा जपलं. विकतचं पाणी घातलं. माझ्या नवऱ्याची किडनी गेली, लेकीची कातडी गेली, आणि तुळस हिरवी राहिली. तेव्हा तुम्ही मला निष्काळजी नाही म्हणालात. तेव्हा माझा सत्कार करणार होता! आणि आता पंधरा दिवस, आम्ही जे पितो ते तिला घातलं, तर मी निष्काळजी?"

"हे त्याचं व्यासपीठ नाही," करंदेंचा आवाज घट्ट झाला. "आणि नीट विचार करा. ही नोंद कायमची राहते. मुलीचं लग्न ठरलंय म्हणे तुमच्या."

"ठरलं होतं," ताई म्हणाली. तिच्या पाठीमागं खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

"आई, ते निघालेत," ओवी हळूच म्हणाली.

"जाऊ दे. पाणीसुद्धा विचारू नकोस त्यांना."

करंदेंनी मोहिनीकडे रागानं बघितलं. "मॅडम, बहिणीला बसवा."

"नाही बसवणार," मोहिनी म्हणाली. "दहा-अकरा वर्षं मी झाडाला बोलायला शिकवलं. आता ती बोलतेय, ते ऐका."

स्टेजवरच्या पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मांडवातल्या बायकांपैकी कुणीही उठून ताईच्या बाजूनं बोललं नाही. कुणी खाली बघत होत्या, कुणी पुटपुटत होत्या, की हिला आजच सुचायचं होतं. सुलभाकाकू उठल्या आणि सुनेला हाताला धरून मांडवाबाहेर गेल्या. ताईनं त्यांना जाताना बघितलं. पण ती खाली बसली नाही.

करंदेंनी घसा साफ करून भाषण पुन्हा सुरू केलं. आंतरराष्ट्रीय परिषद, निर्देशांक, आगामी योजना. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्याकडे कुणीच बघत नाही. सगळे त्यांच्या मागं पडद्याकडे बघत होते.

वरून दिसणाऱ्या एका अंगणात दोन लहान आकृत्या होत्या. एक दाराशी टेकून उभी, पोटावर हात धरून. दुसरी बाहेरच्या नळाखाली बादली भरत होती. बादली भरली. ती आकृती तुळशीपाशी आली आणि तिनं सगळी बादली मुळाशी पालथी केली. मग परत नळाकडे गेली.

"सुलभी," मांडवात कुणीतरी म्हणालं.

समाजमंदिरात बोललेली ती तरुण सून उठली. तिच्या सासूनं तिचा पदर धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि चालू लागली. मग आणखी दोघी उठल्या. मग कुणाची सासू उठली, कुणाची जाऊ. रांगा मोडू लागल्या. पडद्यावरच्या अंगणांत एकेक आकृती दिसू लागली. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात कळशी.

करंदे वळून बघत होते. ठिपके अजून हिरवेच होते. ते हिरवे राहणार आठ-दहा दिवस. महिनाअखेरची पाहणी त्यानंतर होती. संचालकांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ड्रोन चालवणारा माणूस स्टेजच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सर, पडदा बंद करू का?"

करंदेंनी उत्तर देण्याआधी ताई म्हणाली, "राहू दे चालू."